खोट्या मयताचा बारावा

माझा नाव यमुना. माझा माहेर साखरशेत, जव्हारकडं, आन दिली इकडं मोखाड्याच्या डोंगरात. बाप भात लावायचा, नागली लावायचा, आन दिवाळी झाली का आमाला घेऊन जगाय जायचा. जगाय म्हंजे वीटभट्टीवर, तुमी त्याला मजुरी बोलत असाल, आमी जगायच बोलतो. चिखलात लहानाची मोठी झाली आन लगीन झाला तरी चिखल काय सुटला नाय, नवरा पन भट्टीवालाच. पन मानूस जाम गमत्या, ताई. वाटेनं जाईल त्याला हाक मारील, च्या पिऊन जा रे बोलंल, घरात साखर हाय का नाय ते मलाच ठाऊक.

आमाला एकच पोऱ्या, सुरेश. मोठा झाला तवा बोलला, आईबाबा, तुमी आता घरी बसा, भट्टीवर मी जातो. गेला. तिकडं त्याला ताप आला, ताप डोक्यात गेला आन पोऱ्या गेला. आमच्या पाड्याला रेंज नाय. निरोप येईस्तोवर, हे जाऊन पोचेस्तोवर, तिकडच्या लोकांनी जाळून टाकला व्हता. काय करतील तेही, उन्हाळ्याचा मयत किती ठेवतील. हे राख बघून परत आले आन बोलले, मी तोंड नाय बघितला, तो आपला नाय, दुसऱ्या कोनाचा असंल.

मंग काय सांगू तुमाला. रोज मोखाड्याला जीपच्या नाक्यावर जाऊन बसायचे, जीप आली का उतरनारा एकेक बघायचे, शेवटची जीप गेली का परत. जेवान नाय, झोप नाय, आन तो गमत्या मानूस, त्याचा तोंडच बंद. लोक येडा बोलायला लागले. बोलनाऱ्याच्या दारात जाऊन मी भांडली, तोंड फोडीन बोलली. पयला भगताकडं नेला, मंग पाड्यात गोळ्या वाटनारी आशाताई बोलली जव्हारला दवाखान्यात ने. डाक्टर चांगला, बोलला हा मनाचा आजार हाय, तापासारखाच, औशीद घेतला तर उतरंल. पन हे गोळी हातात घेतील आन बोलतील, सुरेश आला का घेईन. बाराव्याचा नाव काढला तर अंगावर यायचे, जित्या पोऱ्याचा बारावा घालता काय बोलायचे. म्हंजे बारावा पन नाय आन गोळी पन नाय. मला वाटायचा, पोऱ्या तर गेलाच, आता हा मानूस पन नाक्यावर बसून बसून जानार.

त्यात ते शूटिंगवाले आले. डायरेक्टर एक पोरगी, केस कापलेली, पन बोलायला मायाळू. मावशी, तुमचा घर पिच्चरला द्या बोलली. मी इचारला, पिच्चर कसला? ती बोलली, एका घरातला पोरगा जातो आन आईच्या मनावर परिनाम होतो. मी बोलली, बाय माझे, त्याला पिच्चर कशाला, आमच्या ओट्यावर येऊन बस ना. पन घर मी दिला. तिरडीचा मला कोनी सांगितला नव्हता, खोटा कशाला बोलू.

त्या दिवशी बघते तर अंगनात बांबू, गवत, मडका, सगळा आनलेला. पिच्चरमधला मुंबईचा एक पोऱ्या मयत बनलेला, नाकात कापूस घालून आडवा. आन हे नाक्यावर निघालेले, ते तिथंच थांबले. तिरडीजवळ गेले, तोंडावरचा कापड काढला, कितीतरी वेळ बघत राह्यले. मला वाटला आता काय खरा नाय. पन ह्यांनी कापड परत नीट घातला, खांदा देनाऱ्या एकाला बाजूला सारला आन आपला खांदा लावला. थेट वेशीपर्यंत गेले. तिथं तिरडी उतरली आन हे मातीत बसून रडले, ताई, पोटातून रडले, सुरेश गेल्यापासून पयल्यांदा. डायरेक्टर पोरगी पन रडली. मंग डोळे पुसून बोलते काय, मावशी, कॅमेरा नीट नव्हता, परत एकदा काढू या. मी पदर खोचला. एका घरातून एकच मयत दोनदा काढतात काय गं? लाज नाय वाटत? नाय काढू दिली.

संध्याकाळी हे बोलले, घरातून तिरडी निघाली, आता दिवस धरायला पायजेत. लोक हसले. मेलेला तर तिकडं बसून च्या पितोय, दिवस कोनाचे धरता? पन हे हटून बसले, आन मी बोलली, हसा, पन बाराव्याला या. आले सगळे, शूटिंगवाले पन, त्यांचा काम चालूच व्हता. भगतानं तांदूळ मांडले आन इचारला, नाव कोनाचा घेऊ? मी जीव मुठीत धरून बसलेली. हे बोलले, सुरेशचा घे. माझ्या पोऱ्याचा.

तवा मी रडली. ह्यांना सांभाळता सांभाळता माझा रडायचा राहूनच गेलता ना. आन तिकडं पंगतीत तो मुंबईचा मयत बोलतो, मावशी, भात वाढा अजून. रडता रडता वाढला त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे बोलले, गो, त्या गोळ्या कुठं ठेवल्यास?

आता एकदम बरा झाला असा नाय बोलनार. काही दिवस भिंतीकडं तोंड करून बसतात, तवा मी डिवचत नाय, जव्हारला घेऊन जाते, डाक्टर गोळी बदलून देतो. पन झोपतात, जेवतात. बाजाराच्या दिवशी आमी दोघं भाजी घेऊन मोखाड्याला जातो, त्याच नाक्यावर बसतो, इकायला.

ह्या होळीला तिथंच बसलेलो आन जीपमधून तो मुंबईचा पोऱ्या उतरला. खांद्यावर पिशवी, हुबेहूब सुरेश उतरायचा तसा. आता हे काय बोलतील, सुरेश आला बोलले तर मी काय करू? ह्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितला. आन बोलले, अरे, तू तर आमचा मेलेला! ये, च्या पिऊन जा.

घरात साखर नव्हती, ताई. शेजारनीकडून आनली मी पळत जाऊन. आन जाताना त्या पोऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोलली, आता खुशाल म्हतारा हो बाबा, तुझी तिरडी उठून गेलीय.