फोन गप हाय

हरणाबाई : ते राखणीचं ॲप कुटं गेलं, येवढंच सांग. बाकी मला काय नगं.

वाजिद : मावशी, आधी बसा तरी. पाणी घ्या. पळत आलाय काय?

हरणाबाई : तळावरनं आले. घोडी, बिऱ्हाड तसंच टाकून. काल बाजाराला आलो तवा तुज्या दुकानात दोनी फोन दिलं, माजा आन् मालकांचा. तवा व्हतं. आज बघती तर जाग्यावर न्हाई.

वाजिद : ते मीच काढलं. घाबरू नका. बाहेरचं ॲप होतं, स्टोअरमधलं नाही. आमच्या गल्लीतल्या बनुबाईला लग्नाची पत्रिका म्हणून फाइल आली, तिनं उघडली आणि फोनच दुसऱ्याच्या ताब्यात गेला. तिच्या नावानं गावभर घाण घाण मेसेज. बिचारी चार दिवस घराबाहेर पडली नाही. म्हणून काल तुम्हा मंडळींचे जेवढे फोन आले तेवढे साफ केले. बाहेरचं सगळं उडवलं, वर लॉक टाकलं. फुकट केलं, मावशी.

हरणाबाई : मला इचारलंस?

वाजिद : तुम्हाला काय कळणार होतं त्यातलं?

हरणाबाई : फोनातलं कळत न्हाई, पन मेंढरं माजी हायती. ते ॲप माज्या भाच्यानं केलंय, तानाजीनं. वडूजच्या कालेजात हाय त्यो. बागंत औषिद मारलं की बागवाला त्यात आपलं रान लाल करतो. मेंढरं तिकडं निगाली की फोन वरडतो. माज्याच आवाजात! तान्यानं माज्याकडनं बोलून घेतलंय, ‘आवं, म्हागं फिरा, रान लाल हाय.’ मालकांस्नी वाचता येत न्हाई ना.

वाजिद : मग स्टोअरमध्ये का नाही टाकलं त्यानं? तिथं तपासून घेतात.

हरणाबाई : दोनदा कागदं धाडली, दोनदा म्हागारी आली. पत्त्याचा पुरावा द्या म्हनत्यात. बारा महिने मेंढरामागं फिरनाऱ्यानं कुटला पत्ता द्यायचा?

वाजिद : बरं, मामांना फोन लावा की. तुम्हीच सांगा तुमच्या तोंडानं.

हरणाबाई : सकाळधरनं लावतीया. लागंना. आमी बाया घोडी घिऊन म्होरं येतो, मालक मेंढरं घिऊन मागनं. मधी वढ्याच्या खोलात रेंज न्हाई.

वाजिद : पण ॲप नाही म्हटल्यावर ते सावध असतीलच.

हरणाबाई : त्यांस्नी कुटं ठावं हाय ते गेल्यालं? फोन वरडला न्हाई म्हंजी रान साफ. वरीसभर आसंच चाललंय. आन् आज नाथाजीच्या बागंत जायाचं ठरलंय. द्राक्षं उतरली, छाटणीआदी पाला मेंढरांस्नी खाऊ द्या म्हनला चार दिसांमागं. आता त्यो बी फोन उचलंना.

वाजिद : त्यांनी औषध मारलं नसेल मग.

हरणाबाई : त्येच बघाया फोन काडला ना मी! दोन वरसांमागं एका बागंत चाळीस मेंढरं गेली. आदी पाय झाडत्यात, मग तोंडाला फेस. माज्या मांडीवर एकेक गेलं. लय भ्या वाटतंय रं. ह्यो घे फोन, काय तरी कर.

वाजिद : द्या इकडं. लॉक काढतो. आकडा माझ्याकडंच आहे.

हरणाबाई : माज्या फोनचा आकडा तुज्याकडं?

वाजिद : निघालं. आता तानाजीची लिंक... थांबा. घेईना हा. ‘अनोळखी ॲप. सुरक्षेसाठी चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.’

हरणाबाई : म्हंजी उद्या?

वाजिद : नवीन अपडेटमुळं. ते पण कालच टाकलं. मीच.

हरणाबाई : आरं, फोन कुनाचा हाय ह्यो?

वाजिद : तुमचाच, मावशी.

हरणाबाई : मग सांग की त्येला!

वाजिद : माझं पण ऐकत नाही तो. थांबा, माझा जुना फोन आहे, काच फुटलेला. त्याला कसले अपडेटच येत नाहीत. त्यात टाकून बघू... आलं. उघडलं. नाथाजींची बाग, ओढ्यापलीकडची ना?

हरणाबाई : व्हय. रंग कुटला हाय?

वाजिद : मावशी...

हरणाबाई : रंग सांग.

वाजिद : लाल. काल संध्याकाळपासून.

(हरणाबाई पुन्हा पुन्हा फोन लावते. सातव्यांदा रिंग जाते. तिचा नवरा जोतीराम उचलतो.)

जोतीराम : हालो?

हरणाबाई : आवं, म्हागं फिरा! रान लाल हाय!

जोतीराम : आत्ता बोललास व्हय रं फोना?

हरणाबाई : फोन न्हवं, मी हाय. हरणा. कुटं हाय तुमी?

जोतीराम : नाथाजीच्या बांधावर. मेंढरं आडवून हुबा हाय कवाधरनं.

हरणाबाई : आत घातली न्हाई?

जोतीराम : न्हाई. सकाळपास्नं आठ-धा बागा वलांडल्या, तुजा आवाज एकदा बी आला न्हाई. एक बी रान लाल न्हाई? आसं कंदी झालंय? म्हनलं, रान साफ न्हाई, फोनच मेलाय. पन एक कोकरू निसाटलं हातातनं. आत पडलंय. पाय झाडतंय.

हरणाबाई : त्येच्यामागं जाऊ नगा. बाकीची म्हागं घ्या. आदी म्हागं घ्या!

जोतीराम : घेतो. तू रडू नगंस.

वाजिद : अल्लाची मेहेरबानी. वाचली मेंढरं. मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो, मावशी. लगेच.

हरणाबाई : वाजिद.

वाजिद : काय?

हरणाबाई : काल किती फोन साफ केलंस?

वाजिद : ...एकतीस.

हरणाबाई : समद्यातनं ते ॲप काडलंस?

वाजिद : सगळ्यातनं.

हरणाबाई : समद्यांची मेंढरं आत्ता रानात हायती. आन् समद्यांचं फोन गप हायती.

वाजिद : वही... वही कुठं ठेवली मी? ही बघा. नंबर आहेत सगळ्यांचे.

हरणाबाई : वाच. पयलं नाव कुनाचं?

वाजिद : अर्जुना.

हरणाबाई : लाव.

वाजिद : लागत नाही, मावशी.