मॉडचं आठवं पिल्लू

(इंग्लंडात, श्रॉपशरमधल्या एका शेतावरचा डुकरांचा गोठा. दुपार. सायलस डुकरिणीपाशी गुडघे टेकून बसलाय. त्याची थोरली बहीण विनिफ्रेड नुकतीच दारात येऊन उभी राहिली आहे.)

सायलस : आत ये, नाहीतर बाहेर जा. दारात उभी राहिलीस की अंधार पडतो.

विनिफ्रेड : नऊ वर्षांनी भेटतोय आपण. निदान ‘कशी आहेस’ तरी विचार.

सायलस : कशी आहेस? मॉड बरी नाहीये. सात पिल्लं झाली, आठवं तासभर अडकलंय. डॉक्टर पलीकडच्या गावात एका गाईपाशी अडकलाय. हात दाखव तुझे.

विनिफ्रेड : हात कशाला?

सायलस : माझे पंजे बघ, फावडी नुसती. आत जात नाहीत. कोट काढ आणि कोपरापर्यंत साबण लाव.

विनिफ्रेड : सायलस, मी चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली. डुकरिणींची बाळंतपणं नाही केली.

सायलस : ठाऊक आहे काय शिकवलंस. डुकरासारखा घाम, डुकरासारखं हादडणं, डुकरापुढे मोती. दोन पिढ्या बिघडवल्यास. अगं, डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. म्हणून तर बिचारं चिखलात लोळतं. आणि निजायच्या जागी ते घाण करत नाही. तुझ्या वर्गातल्या पोरांबद्दल सांगता येईल का तसं?

विनिफ्रेड : त्या म्हणी काही मी केल्या नाहीत.

सायलस : एक केलीस. आईला पुरून आलो त्या दिवशी, चहाच्या वेळी, अख्ख्या गावासमोर. ‘डुकरांत राहून डुक्करच झालास.’

विनिफ्रेड : चिखलाचे बूट घालून आला होतास तू.

सायलस : त्या सकाळी पण एक अशीच अडली होती. बदलायला वेळ कुठला?

विनिफ्रेड : हे बोलला नाहीस कधी.

सायलस : विचारलंस कधी? अंगठी काढ आधी. थांब. ही कुठली अंगठी?

विनिफ्रेड : तेच सांगायला आले होते. लग्न करतेय मी.

सायलस : सदुसष्टाव्या वर्षी?

विनिफ्रेड : अडुसष्टाव्या.

सायलस : जन्मभर विचारलं की एकच उत्तर. ‘डुकरं उडायला लागली की करीन.’

विनिफ्रेड : म्हणायचे खरी. वर काय बघतोयस?

सायलस : डुकरं उडाली असतील, तर कौलं जागेवर आहेत का बघतोय. घाल हात. कळ आली की थांबायचं, ओसरली की पुढे.

विनिफ्रेड : किती गरम आहे रे आत. काहीतरी लागतंय. छोटे खूर. दोन.

सायलस : वर टाच लागते?

विनिफ्रेड : लागते.

सायलस : म्हणजे मागचे पाय. झकास. बोटांत धर. आता ती जोर लावील, तिच्याबरोबर ओढ.

विनिफ्रेड : येतंय. सायलस, येतंय. आलं. पण हलत नाहीये.

सायलस : नाक पूस त्याचं. हा घे पेंढा, चोळ. जोरात चोळ, काचेचं नाही ते.

विनिफ्रेड : चल रे सोन्या. चल. शिंकलं. शिंकलं बघ ते.

सायलस : लाव मॉडच्या कुशीला. रडतेयस काय?

विनिफ्रेड : छे. घाम आलाय.

सायलस : मॉडला नाही आला, बघ.

विनिफ्रेड : चुकलं माझं तेव्हा.

सायलस : डुक्कर म्हणालीस त्याचं काही नव्हतं गं. या गावात मॉडइतकं शहाणं आहे कोण? पण त्यानंतर फिरकलीच नाहीस, ते लागलं.

विनिफ्रेड : लाज वाटायची.

सायलस : बरं. करतो काय हा नवरदेव?

विनिफ्रेड : ऑल्डस. पियानोचे सूर लावतो. शांत आहे. फक्त दुपारी खुर्चीत बसला की घोरतो, अगदी...

सायलस : बोल, बोल.

विनिफ्रेड : अगदी बाबांसारखा.

सायलस : शिकलीस.

विनिफ्रेड : बाबा असते तर चर्चमध्ये हात धरून त्यांनी नेलं असतं मला. म्हणून तुझ्याकडे आले. जूनमध्ये आहे.

सायलस : आत अजून एखादं असेल. ते होऊ दे, हात धुऊ, मग अंगणात एक फेरी मारून बघू. मला सवय नाही कुणाला धरून चालायची.