पहिल्यांदा काळोख

गगनबावड्याची एसटी अजून लागायची होती. माझ्या मागच्या बाकावर मांडीवर फाईल घेतलेले कॉलेजचे एक सर आणि दवाखान्यात वीस वर्षं एक्स-रे काढणारे मौलाभाई बोलत बसले होते.

"विद्यापीठाला पाच वर्षांची योजना द्यायचीय, मौलाभाई. पंचाहत्तर सालापासून एक्स-रे शिकवायचा कोर्स. मशीन दोन, पोरं वीस. आणखी काय लिहू?"

"पयल्यांदा काळोख लिवा, सर."

"काळोख?"

"व्हय की. फिल्म धुवायच्या खोलीत पोरांनी आधी गप हुबं ऱ्हायला शिकाय पायजे. डोळं अंधाराला सरावलं की मग फिल्म औषधात हलवायची. घाटातलं धुकं सरल्यागत बरगड्या हळूहळू वर येत्यात. माणूस आतनं चांदण्यागत हाय, ते तितं कळतंय."

"हे शिकवणार कोण?"

"मी हाय की."

"शिकवणाऱ्याला पदवी लागते, मौलाभाई. तुम्ही सातवी पास."

"व्हय, सातवीच."

"मी नियम सांगतोय फक्त."

"मग माझं नाव कागदावर घालू नगा, सर. मला त्या खोलीतच ऱ्हाऊ द्या. तितल्या अंधारात कुणाचं सर्टिफिकेट दिसत न्हाय."