खाटेवर वाळलेला पास्ता

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी पास्ता शिजवून उन्हात वाळवला आहे. नवी सून पुण्याहून पहिल्यांदाच मेडशीला येणार, म्हणून तिच्या आवडीचं करायला मीच गॅसपाशी उभा राहिलो. उकडलेल्या नळ्या चाळणीत काढल्या, तर माझी मोठी बहीण, अक्का, कडाडली, “काय करून राह्यला रे? वल्या कुरड्या कोणी तळते काय? आधी वाळव त्या!”

मी मुकाट्यानं खाटेवर धोतर अंथरून नळ्या पसरल्या.

सून आली तेव्हा अक्का त्या तळत होती. सून कढईकडे पाहतच राहिली. तेवढ्यात शेजारच्या कांताबाईनं एक नळी डोळ्याला लावली. “अवो अक्का, मधात इतकं गोल भोक कसं पाडलं? साचा कोठचा व्हय?”

अक्कानं माझ्याकडे पाहिलं, मी सुनेकडे.

सुनेनं एक नळी कुडुमकुडुम खाल्ली आणि ती म्हणाली, “माझ्या माहेरचा.”