दाखल्यावरचा आरव

धम्मप्रिया : आरव? अहो, हा जन्माचा दाखला दुसऱ्याच कुणाचा तरी दिला त्यांनी.

प्रदीप : न्हाय. आपलाच हाय.

धम्मप्रिया : आई धम्मप्रिया, वडील प्रदीप, पत्ता आपला, आणि बाळ आरव? आपलं पियदस्सी ठरलं होतं ना! हापिसातल्या बाईंनी चुकीचं टाइप केलं वाटतं.

प्रदीप : त्यांनी न्हाय चुकवलं. मीच सांगितलं.

शालन : काय म्हनतुया ह्यो? धम्मा, लेकरू दे माज्याकडं, आन् नीट इचार तुज्या नवऱ्याला.

धम्मप्रिया : आई, दोन महिने नाव शोधलं आम्ही. माझ्या अंगणवाडीत चार आरव आहेत. एकाला हाक मारली की चौघं उठतात. एकाला तर मी शेंबडा आरव म्हणते, काय करणार! म्हणून हे काढलं. सम्राट अशोकाचं नाव. सगळ्यांकडं मायेनं बघणारा. अख्ख्या गल्लीत दुसरा सापडायचा नाही.

शालन : मला बी पयल्यांदा जमंना. पिवदशी काय, पियादशी काय. आता येतंय की झोकात. पियदस्सी!

धम्मप्रिया : बघा, तुम्हाला सत्तराव्या वर्षी येतं आणि ह्यांना...

प्रदीप : येत न्हाय मला.

धम्मप्रिया : म्हणजे?

प्रदीप : 'प'वर अडकतंय. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, बाळाचं नाव? मी तोंड उघडलं. प... प... मागं धा-पंधरा माणसं. एकजण हसला. बाई चांगल्या हुत्या, सावकाश सांगा म्हणाल्या. तरी निघंना. मग आरव निघालं. झटकन.

धम्मप्रिया : मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं की.

प्रदीप : खिशातच हुती. जल्मभर चिठ्ठ्याच देत आलोय गं. दुकानात बी गिऱ्हाईकाशी बोलायला नको म्हणून मागं कापडाचे गठ्ठे लावतो. म्हटलं, पोराचं नाव तरी तोंडानं सांगू.

शालन : शाळेत हजेरीला उभं करायचे ह्येला. सोताचं नाव बी निघायचं न्हाय. घरी येऊन दप्तर फेकायचा आन् गप बसायचा.

धम्मप्रिया : पण नाव ठरवताना मला का नाही बोललात?

प्रदीप : तू लई खूश हुतीस. आणि मी घरात सोन्या म्हणतो त्याला. दुसरं काय म्हटलेलं ऐकलंस कधी?

धम्मप्रिया : ...नाही. माझ्या ध्यानातच नाही आलं.

प्रदीप : लोकं चारचौघात विचारतील, नाव काय म्हणून. ते बी सोसंन मी.

धम्मप्रिया : रविवारी विहारात नामकरणाला नाव तुमच्या बहीण पूनमताईच सांगतील, आत्याचाच मान असतो. आणि दाखल्यावरचं नाव दुरुस्त करून मिळतंच की. उद्या मी जाते हापिसात.

प्रदीप : नको. राहू दे आरवच.

धम्मप्रिया : का पण?

प्रदीप : उद्या ते चालायला लागंल. नव्या पेठेत हात सोडून रिक्षापुढं पळालं, आन् माझी हाक निघालीच न्हाय तर? रोज डोळ्यापुढं येतंय मला. मी तोंड उघडून उभा, आन् पोरगं पुढं. आरव निघतं गं. तेवढ्या एका हाकंवर वाचंल ते.

(बाळ कुरकुरतं.)

शालन : परदीप, तीन वर्साचा असशील तू. मोहोळला हायवेवर टरकापुढं गेलतास. म्या हाक मारली का तुला?

प्रदीप : मला कुटं आठवतंय?

शालन : माजी दातखीळ बसलेली. चपला टाकल्या आन् पळत सुटले. तुला बगलंत मारलं, तवा कुटं तोंडातनं आवाज आला. पाय चालत्यात न्हवं तुजे?

प्रदीप : चालत्यात.

शालन : मग झालं तर.

प्रदीप : ...धम्मा, उद्या मीच जातो. दुपारी, बंद व्हायच्या टायमाला. रांगेत शेवटी थांबतो. मागं कुणी नसलं की निघंल.

धम्मप्रिया : शेवटी कशाला? दहाला जा. सगळ्यांच्या पुढं उभे राहा.

प्रदीप : मागची लोकं खोळंबतील गं.

धम्मप्रिया : खोळंबू देत.