वरचं बेअरिंग

(सकाळ. मेळ्याच्या मैदानात साखळीपाळणा उभा आहे. मधला उंच खांब, वर लोखंडी चक्र आणि साखळ्यांना टांगलेल्या रिकाम्या खुर्च्या. आजी एकेक साखळी हाताने चाचपते आहे, नात ग्रीसचा डबा घेऊन तिच्या मागे.)

आजी : म्हणजे न दिसणारी वस्तू मोजायला तू चार वर्षं परमुलखात जाणार. आमच्या वेळी असल्या माणसाला घरात कोंडून ठेवायचे.

नात : आणि आता पगार देतात, आजी.

आजी : कलियुग, दुसरं काय! हे बघ, मी दुसरी पास, तीसुद्धा बाईंच्या मेहेरबानीवर. मला कळेल असं सांग. मला कळलं नाही तर तुलाच कळलेलं नाही, एवढं धरून चाल.

नात : बरं. रात्री हा पाळणा लांबून कसा दिसतो?

आजी : कसा म्हणजे? चोवीस खुर्च्या, चोवीस दिवे. दिवे तेवढे गोल गोल फिरताना दिसतात.

नात : आणि साखळ्या?

आजी : अंधारात साखळ्या कुठून दिसणार?

नात : मग बघणाऱ्याने म्हणावं का, की साखळ्या नाहीतच?

आजी : म्हणणारा ठार वेडा. साखळी नसती तर खुर्ची सुटून त्या फुगेवाल्याच्या टाळक्यात बसली असती.

नात : झालं! हेच तर आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पाळणा. आपला सूर्यसुद्धा अशाच एका पाळण्यातली खुर्ची. मध्ये तारे दाटीने, कडेला विरळ. जेवढं दिसतं तेवढ्याच्या वजनाची ओढ धरली, तर कडेचे तारे हळू फिरायला हवेत. पण ते आतल्यांच्याच वेगाने पळतात. केव्हाच उधळून जायला हवे होते.

आजी : आणि गेले नाहीत.

नात : नाही गेले. म्हणजे धरून ठेवणारं काहीतरी आहे. ते स्वतः उजेड देत नाही, दुसऱ्याचा अडवत नाही. आणि आहे मात्र दिसणाऱ्याच्या पाच-सहा पट. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात.

आजी : तोंड बघितलं नाही आणि बारसं उरकून मोकळे! थांब. ऐकलंस?

नात : काय?

आजी : मिस्त्री! एक फेरा द्या. सावकाश.

मिस्त्री : दिला, बाई.

आजी : हे बघ. कुर्रर्र... पुन्हा कुर्रर्र. वरचं बेअरिंग.

नात : वाऱ्याने वाजत असेल.

आजी : माझ्या पाळण्याचा आवाज मला शिकवू नकोस. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुरकुरलंय. मिस्त्री, या इकडे. वर ग्रीस कधी भरलंत?

मिस्त्री : म्हणजे कसंय बाई... भरतोच की. दर मेळ्याला पाळणा उभा झाला की त्याच रात्री. यंदा जरा राहून गेलं.

आजी : मग आत्ता चढा. शिडी तिथे आहे, डबा हिच्या हातात आहे.

मिस्त्री : आत्ता? आत्ता म्हणजे... पोटात काही नाही, बाई. चक्करबिक्कर आली तर?

आजी : मिस्त्री, बल्ब बदलायला तुम्ही फुगेवाल्याला बोलावता. स्टुलावर चढलात तर खाली दोन माणसं धरायला लागतात. जा, चहा प्या.

मिस्त्री : तुम्ही घेणार?

आजी : जा म्हटलं ना. हं, तू बोल पुढे. एका खुणेवर विश्वास ठेवलात होय गं सगळ्यांनी? तुमचं गणितच चुकलं असेल.

नात : तसं म्हणणारे आहेत. ते म्हणतात, लपलेलं काही नाही, इतक्या लांबवर ओढीचा नियमच वेगळा असेल. पण खूण एकच नाही ना. दीर्घिकांचे घोळके असतात. मागून येणारा उजेड त्यांच्याजवळून जाताना वाकतो, आणि दिसणाऱ्या वजनाने वाकायला हवा त्याच्या कितीतरी जास्त वाकतो. त्या घोळक्यांतल्या दीर्घिका पळतात, त्याही नको तितक्या जोरात. जिथून मोजावं तिथून उत्तर तेच.

आजी : असं. मग माझंही ऐक. नऊ वर्षं हे बेअरिंग मुकाट फिरलं. लोखंड काही वयाने शहाणं होत नाही. दुसरं म्हणजे रात्री भरलेला डबा सकाळी चार बोटं खाली. मिस्त्री काही पोळीला लावून खात नसणार. आणि शिडी. मिस्त्री शिडी टाकतो जमिनीवर आडवी. त्या सकाळी ती खांबाला उभी बांधलेली असते आणि दोरीला गाठ असते डावऱ्या हाताची. आपल्या सात पिढ्यांत डावरा एकच निपजला.

नात : आजी! तुला माहीत होतं?

आजी : मी काही बघितलेलं नाही. बघायला गेलेही नाही. तंबूत पडून असायचे, कूस बदलत.

नात : नऊ वर्षं?

आजी : नऊ वर्षांपूर्वी तुझा बाप म्हणाला, पाळणा भंगारात घालू, मी कारखान्यात लागतो. ज्याच्या खुर्चीत मी त्याला निजवला, ज्याच्या खांबाला धरून तो उभा राहायला शिकला, तो भंगारात! मी बोलले. सगळ्या मेळ्यासमोर बोलले, तुझी सावली माझ्या पाळण्यावर पडता कामा नये. बोलले ते बोलले. थुंकलेलं गिळायची सवय नाही मला.

नात : ती कुणालाच नाही आपल्यात.

आजी : एक विचारते. तुझं ते कृष्णद्रव्य कधी निघून जातं का? इतकी वर्षं होतं आणि एक दिवस नाही, असं?

नात : नाही. तसं कधी कुणाला आढळलं नाही.

आजी : मग हे का कुरकुरतंय?

नात : थांब, डब्याचं झाकण लावते.

आजी : झाकण राहू दे. इतका वेळ आभाळातलं घडाघडा सांगत होतीस. बरा आहे ना तो?

नात : खांदा दुखावलाय. डावा. कारखान्यात पेटी उचलताना. हात वर जात नाही. काल रात्री आले होते बाबा. मी होते बरोबर. शिडीपाशी कितीतरी वेळ उभे राहिले. एका हाताने, अंधारात... दोन पायऱ्या चढले आणि उतरले. खांबाला नुसता हात लावला आणि गेले.

आजी : गाढव! पडला असता म्हणजे? दिवसाढवळ्या यायला कुणी अडवलं होतं?

नात : तू.

आजी : मी?

नात : सावली पडायला नको म्हणाली होतीस. अंधारात सावली पडत नाही, आजी.

आजी : ...तो पाना दे.

नात : कुठला?

आजी : दे कुठलाही.

नात : हा घे. अगं, तो बोल्ट घट्टच आहे.

आजी : असू दे. तू बोलत राहा. ते तुझं... कुणाच्या हाती लागलंय का कधी?

नात : नाही. खोल खाणींत मोठमोठ्या टाक्या मांडून बसलेत लोक. त्याचा एखादा कण तरी येऊन धडकेल म्हणून. तीस-चाळीस वर्षं झाली.

आजी : धडकला?

नात : अजून नाही.

आजी : आणि कुणी उठून गेलं नाही?

नात : टाकी आणखी मोठी करतात, आणि पुन्हा बसतात.

आजी : त्याला कान नाहीत म्हणून. नाहीतर हाक तरी मारली असती बिचाऱ्यांनी.

नात : इथल्याला आहेत की.

आजी : आगाऊ! थेट बापाच्या वळणावर गेलीस. उद्या तुझी गाडी किती वाजता?

नात : चारला. बाबा तिकडे स्टेशनवर. तू इथून हात हलवशील. दोन ठिकाणी दोनदा रडायचं, नेहमीसारखं.

आजी : मिस्त्री! उद्या दुपारपर्यंत पाळणा बंद. पाटी लावा.

मिस्त्री : काय लिहू, बाई?

आजी : लिहा, दुरुस्ती. मोठ्या अक्षरात लिहा, मलाही वाचता आलं पाहिजे. आणि विजेच्या खांबांवर चढतो ना, त्या वायरमनला सांगून ठेवा.

मिस्त्री : वायरमनला? पण बाई, त्याला आपल्या बेअरिंगमधलं काय कळतंय? कुठे किती भरायचं...

आजी : तेच तर. खालून सांगणारा माणूस हवा. आणि तू गं, तुझ्या बापाला निरोप दे. उद्या बाराला ये म्हणावं.

नात : बाराला? दुपारी?

आजी : मग काय मध्यरात्री?

नात : अगं, पण तुझा शब्द? सावली?

आजी : शब्द मी फिरवलेला नाही. बाराला ऊन डोक्यावर असतं. ज्याची सावली त्याच्याच पायाखाली राहते.