प्लंबर घरात येणार नाही

हसाल तुम्ही, पण आमच्या घरात प्लंबर पाऊल ठेवणार नाही, असं मी बाबांना ठणकावून सांगितलं होतं. शिकलेल्या माणसाला स्वयंपाकघरातला गळका नळ बदलता येऊ नये?

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सगळ्या घरांचे वॉल्व्ह ओळीने आहेत, पण एकावरही नंबर नाही. मी एकेक बंद करत फोनवर विचारत होते, "थांबलं का, बाबा?"

"चालूच आहे."

आठवा फिरवला आणि बाबा ओरडले, "थांबलं!" आनंदात बाकीचे सात तसेच बंद ठेवून मी खाली धावले.

गंजलेला नळ निघायला अर्धा तास गेला. तो हातात आला आणि पाण्याचा फवारा थेट माझ्या तोंडावर. पाइपवर तळहात दाबून उभी होते, तेवढ्यात दारात वरच्या मजल्यावरचे शहा अंकल. लुंगी, आणि केसांत वाळलेला साबण.

"बेटा, पानी आया क्या? नहाते नहाते मेरा बंद हो गया. प्लंबर को बुलाया, उसने ऊपर जाके सब वॉल्व खोल दिए."

त्यांच्यामागून प्लंबर आत आला. पुढच्या दहा मिनिटांत नळ बसला.

बाबा मला टॉवेल देत म्हणाले, "मी नाही हं बोलावला."